सुपडाभाऊंची मुक्कामी गाडी

आमच्या धाड गावात कोणी गाडी घेतली की लोक दोनच प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती देते, आणि माणसं किती बसतात. सुपडाभाऊंनी जीप घेतली तेव्हा पहिल्या प्रश्नाला ते म्हणाले, "धक्का मारला तं चांगलं देते." दुसऱ्याला म्हणाले, "तीन कुत्रे, अन् उरलेल्या जागेत मी." विचारणारा माणूस बाजारातली मेथीची जुडी हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टा कसली हो! त्या कुत्र्यांची मापं मी स्वतः घेतलेली आहेत.

मी टेलर. बसस्टँडच्या मागे माझं दुकान, दुकानामागे घर, आणि घराच्या भिंतीला भिंत लावून सुपडाभाऊंचं घर. भाऊ एसटीत ड्रायव्हर होते. उभी हयात धाड-बुलढाणा आणि बुलढाणा-धाड, मधून कधी तरी मुक्कामी गाडी. मुक्कामी म्हणजे जी संध्याकाळी खेड्यात जाऊन झोपते आणि सकाळी दुधाचे कॅन आणि कॉलेजची पोरं घेऊन परत निघते ती. रिटायर झाले तरी भाऊंच्या अंगातून एसटी काही उतरली नाही. जेवायला बसले तरी घंटी वाजल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. वहिनी पळीने पातेल्यावर दोन ठोके द्यायच्या, टण टण, मग भाऊ सुरू व्हायचे. गावात कोणाचं भांडण सुरू असलं आणि हे मध्ये पडले, की एकच सांगायचे, "रिव्हर्स घ्यायले लाज वाटली तं गाडी दरीत जाते." भांडणारे गप्प व्हायचे. पटलं म्हणून नव्हे, आता घाटातला किस्सा ऐकावा लागेल या भीतीने.

कुत्रे मुळात वहिनींचे. त्यांनी उष्टं-पाष्टं घालून जमवलेले, नावं मात्र भाऊंनी ठेवलेली. सगळ्यात म्हातारा, करडा, कायम कपाळाला आठी घातलेला, त्याचं नाव कंडक्टर. काळाकुट्ट, सारखा गुरगुरणारा, तो डिझेल. आणि हातभर उंचीची एक तुरुतुरु पळणारी कुत्री, ती हाफतिकीट. भाऊ त्यांना जवळ येऊ द्यायचे नाहीत, चप्पल दाखवायचे. वहिनी गेल्या आणि तिघं ओट्यावर त्यांच्या बसायच्या जागी येऊन बसले ते उठेचनात. भाऊ म्हणाले, "ती नाही येत आता. जा." ते गेले नाहीत. मग भाऊच त्यांच्याजवळ जाऊन बसले. मी हे माझ्या दारातून पाहिलं, आणि पाहवेना म्हणून मशीनवर बसून कापड न घालताच पायडल मारत राहिलो.

पुढे एका सकाळी भाऊंना ओट्यावरच चक्कर आली आणि त्यांचा मुलगा विशाल पुण्याहून धावत आला. विशाल एकुलता एक, कॉम्प्युटरच्या कंपनीत, मोठ्या सोसायटीत वरच्या मजल्यावर फ्लॅट. पोरगा चांगला आहे, खोटं कशाला बोला. फक्त प्रत्येक गोष्ट ठरवून झाल्यावर विचारतो.

"बाबा, आता इथे एकटं राहायचं नाही. माझ्याकडे यायचं."

"येतो ना. आमी चौघं येतो."

"चौघं कोण?"

भाऊंनी ओट्याकडे बोट केलं. विशालने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच शिकवलं. मग म्हणाला, "बाबा, सोसायटीत कुत्री चालतात. पण अशी नाही चालत."

"अशी म्हंजे कशी बे?"

"म्हणजे तिथली सगळी जातिवंत असतात. ब्रीडची."

"ह्या हाफतिकिटाची माय धाडची अन् बाप साखरखेर्ड्याचा," भाऊ म्हणाले. "याच्याहून चांगलं घराणं कोणतं पाह्यजे तुमच्या सोसायटीले?"

विशालने तेही ठरवूनच आणलं होतं. कुत्र्यांना शेजारचे टेलरकाका सांभाळतील. टेलरकाका म्हणजे मी. मला कोणी विचारलंच नव्हतं, पण ते असो. भाऊंनी बराच वेळ मिशी चोळली. म्हणाले, "ठीक हाये, येतो. पण माह्या गाडीनं येतो. पहिले गाडी होऊ दे."

ही गाडी कुठून आली डोक्यात? मोबाइलमधून. एक गोरा माणूस कुठल्या तरी बर्फाच्या डोंगरावर गाडी उभी करतो, मागचं दार उघडतो, आतून दोन कुत्रे उड्या मारतात, आणि हा बाबा तिथे शेगडी पेटवून निवांत दात घासतो. एवढंच होतं त्या व्हिडिओत. भाऊंनी तो मला इतक्या वेळा दाखवला की त्या गोऱ्याच्या दातांची ठेवण मला पाठ झाली. "मास्तर, आयुष्यभर डांबरावर चालवली," भाऊ म्हणायचे. "डांबर सोडलं का मेमो येत जाय. आता डांबर सोडूनच चालवतो. अन् हे तिघं संगं." मी विचारलं, कुठे जाणार? म्हणाले, "जिथं यांले कोणी हाड म्हणणार नाही तिथं."

गाडी पाहायला आम्ही गेलो ते मुलगी पाहायला जातात तसे. भाऊंना दुसरी पद्धतच ठाऊक नव्हती. आधी निरोप, मग चांगला वार, मग मोजकी माणसं. भाऊ, मी, आणि गावातला युनूस वेल्डर. शिवाय तिघं कुत्रे, कारण पसंती त्यांची होती.

पहिलं स्थळ दुसरबीडचं. जीप धुऊन, कपाळाला हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून अंगणात उभी. आम्हाला सतरंजीवर बसवलं. पोहे आले. गाडीचे मालक स्वच्छ टोपी घालून समोर बसले आणि म्हणाले, "आमची गाडी लय सालस हाये. कधी आवाज चढवून बोलली नाही."

"घाटात?" भाऊंनी विचारलं.

"घाटात थोडी बोलते," मालकांनी कबूल केलं.

"आधी कुठं दिली होती का?"

मालकांची मान खाली गेली. "मेहकरले दिली होती एकदा. परत आणली. पण चूक त्याह्यचीच होती, आमच्या गाडीची नाही."

युनूस बॉनेट उघडायला उठला तर भाऊंनी त्याचा शर्ट ओढून खाली बसवलं. पोहे खाताना असं उठून पाहणं बरं दिसत नाही म्हणे. तोवर डिझेल चारही टायरांवर तंगडी वर करून आला. हाफतिकिटाने मालकांच्या बशीत तोंड घातलं. कंडक्टर गाडीकडे पाठ करून लिंबाच्या झाडाखाली बसून राहिला. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, हात पुसले आणि म्हणाले, "विचार करून कळवतो." रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, काय खोट काढलीत? तर म्हणाले, "पोहे चांगले होते. पण कंडक्टरच्या मनात नाही."

अशी बरीच स्थळं झाली. एका गाडीचं नाक बसकं, एकीचा रंग उडालेला, एकीच्या घरची माणसं भांडकुदळ. शेवटी साखरखेर्ड्याच्या बाजारामागे एक काळी-पिवळी जीप सापडली. पूर्वी पॅसेंजर वाहायची, आता तिच्यात कोंबड्या राहायच्या. पोहे नाहीत, माळ नाही, मालक तर बाजेवर झोपलेला. कंडक्टर उठला, जीपला एक फेरी मारली, आणि मागच्या पायरीवर, जिथे एके काळी क्लीनर लोंबकळायचा, तिथे चढून उभा राहिला. मागे तोंड करून रस्त्याने जाणाऱ्या एका सायकलवाल्यावर भुंकला. भाऊंचे डोळे भरून आले. म्हणाले, "पसंत."

जीप गावात आणल्यावर युनूसने खाली वाकून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "भाऊ, हिचे तं मागचेच दोन चाकं फिरतात. डोंगरावर जाऊन राह्यले नं तुमी? त्याले चारही चाकांची ताकद लागते. हेच पाहायचं होतं पहिले!"

"पुढची चाकं मागच्यांच्या संगतीनं येतात का नाही?" भाऊ म्हणाले. "मंग झालं. घरात कमावणारे दोघंच असतात, बाकीचे मागं चालतातच."

बांधणी सुरू झाली ती युनूसच्या दुकानापुढे, आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने त्या गाडीला हातभार लावला. आमच्याकडे कोणी काही बनवताना दिसला की उभं राहून सल्ला न देता पुढे जाणं हा त्या माणसाचा अपमान समजतात. मंडपवाल्याने तंबूसाठी लग्नाच्या मंडपाचं कापड सुचवलं, म्हणून ती गाडी पुढे कायम कोणाच्या तरी वरातीतून आल्यासारखी दिसायची. औषधविक्रेत्याने फवारणीचा पंप दिला, कुत्र्यांना आंघोळ घालायला. पंप पाठीला लावून भाऊ डिझेलवर पाणी मारायचे तेव्हा डिझेलला कीड लागली आहे असं लांबून वाटे. टपावर बाज बांधली. शेगडी होतीच, तरी बाजेखाली चूल आली. एकाने सांगितलं, चुलीला जळण लागतं, म्हणून काड्यांचा भारा आला. कोणी तरी विचारलं की काड्या आहेत तर शेगडी कशाला, म्हणून शेगडी उतरली, आणि वहिनींच्या माहेरच्या एका म्हातारीने बजावलं म्हणून परत चढली. प्रत्येक नवी वस्तू बसली की भाऊ बंपरवर नारळ फोडायचे. बंपर वाकला.

आणि मला बोलावलं मापं घ्यायला. मी म्हटलं, भाऊ, मी माणसांचे कपडे शिवतो. म्हणाले, "मास्तर, झोपायची जागा बरोबर पाह्यजे. अंदाजानं नाही चालत." तर मी, या गावातल्या निम्म्या नवरदेवांचे सफारी शिवलेला माणूस, गळ्यात टेप घालून कुत्रे झोपण्याची वाट पाहत ओट्यावर बसलो. कारण झोपल्यावर पाय किती पसरतात ते भाऊंना हवं होतं. कंडक्टर आडवा झोपतो. डिझेल पाठीवर, चारही पाय वर. हाफतिकीट गोल होते, पण कोणाच्या तरी पोटाशीच. भाऊंनी तशा तीन खोल्या पाडल्या, गाद्या भरून घेतल्या. सगळं झाल्यावर मी विचारलं, आणि तुम्ही? भाऊ उरलेल्या फटीत बसले. गुडघे हनुवटीला लागले. म्हणाले, "ड्रायव्हर झोपला तं गाडी कोण पाहीन?"

दर रविवारी विशालचा फोन यायचा. स्पीकर लावून बोलायची भाऊंना सवय, त्यामुळे भिंतीपलीकडे मलाही ऐकू येई.

"बाबा, झाली का गाडी?"

"झालीच. एक काम राह्यलं."

पुढल्या रविवारीही एक काम राहिलेलं. पावसाळा गेला, तुरी कापल्या गेल्या, काम एकच राहायचं. मला वैताग यायला लागला. म्हटलं, या माणसाच्या हातून काही तडीस जायचं नाही. मग एका दुपारी बटणं घ्यायला म्हणून निघालो तर युनूस जेवायला गेलेला, आणि भाऊ एकटेच गाडीमागे खाली बसून कालच बसवलेल्या दाराच्या बिजागरीचे बोल्ट एकेक करून काढत होते. अगदी सावकाश. शेजारी कंडक्टर. मी मागच्या मागे फिरलो. वैताग कुठल्या कुठे गेला. गाडी पूर्ण झाली की पुण्याला जायचं, आणि पुण्याला गेलं की तिघांना सोडायचं. मग कोण पूर्ण करील?

तोवर गाडीची चाचणी घेणं मात्र चालू होतं. भाऊंना एक रात्र उघड्यावर, कुत्र्यांसोबत, कोणी नसलेल्या ठिकाणी काढायची होती. ही इच्छा साधी वाटते. पण बुलढाणा जिल्ह्यात ती पुरी करून दाखवावी कोणी! इथे रस्ता सोडून गाडी घालायची म्हणजे कोणत्या तरी नातेवाइकाच्या शेतातून घालायची.

पहिल्यांदा तळ्याकाठी गाडी लावली. तंबू उभा राहायच्या आत मोटारसायकलवर दोघं आले. "अहो पाहुणे, घर असताना माळावर झोपता? लोक काय म्हणतील आमाले?" ते भाऊंच्या चुलत साडूचे पुतणे निघाले. तंबू त्यांनीच उतरवला. घरी नेऊन पुरणपोळी केली, कुत्र्यांना दूध-पोळी कुस्करून घातली, गादी घातली आणि वर पंखा लावला. दुसऱ्यांदा भाऊ लांब गेले, तर तिथे वहिनींच्या मावसबहिणीचं सासर. तिसऱ्या वेळी मला घेऊन गेले. म्हणाले, "आज अशी जागा गाठतो, तिथं देव पण ओळखणार नाही." नाला ओलांडला, दगडांतून जीप नेली, पुढची चाकं खरंच मागच्यांच्या संगतीने आली. माथ्यावर पोचलो. चहूकडे वाळलं गवत, पाखरांशिवाय आवाज नाही. भाऊंनी तो गोरा करतो तसं मागचं दार उघडलं. तिघं उड्या मारून धावत सुटले. भाऊंनी ब्रश काढला, पेस्ट लावली, संध्याकाळची वेळ असूनही लावली, आणि तोंडात घालणार तेवढ्यात शेळ्या घेऊन एक माणूस वर आला.

"धाडचे सुपडाभाऊ ड्रायव्हर का? मी तुमच्या गाडीनं दहावीच्या परीक्षेले जात होतो!"

झालं. सूर्य बुडायच्या आत अख्खी वस्ती भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी आणि हार्मोनियम घेऊन माथ्यावर. खालच्या शेताचा मालक मात्र फुरंगटून बसला होता. आमच्या बांधावरून गेले आणि घरात पाय नाही टाकला, असं काय आमचं चुकलं? त्याची समजूत काढायला भाऊंना सकाळी त्याच्याकडे अंघोळीला जावं लागलं. परत येताना भाऊ म्हणाले, "मास्तर, त्या गोऱ्याले सोयरे नसतील का हो?" आणि खरं सांगतो, त्यांच्या आवाजात हेवा होता.

मग तो फोन आला. रविवार नव्हता, दुपारची वेळ. विशालचा नव्हता, सुनेचा होता. मयुरी तिचं नाव. स्पीकर चालूच होता.

"बाबा, विशालने सांगू नका म्हटलंय. त्याची नोकरी गेली. महिना होऊन गेला. रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालतो आणि खोलीत जाऊन दार लावून बसतो. जेवत नाही. माझ्याशीसुद्धा बोलत नाही. मला भीती वाटते, बाबा."

मग भाऊ म्हणाले, "पोरी, तू त्याले काही सांगू नको. मी येऊन राह्यलो."

जी गाडी पावसाळा-हिवाळा पूर्ण झाली नव्हती ती त्या दुपारी पूर्ण झाली. दार बसवायला युनूस बोल्ट शोधत होता, भाऊंनी बाजेच्या दोरीने बांधून टाकलं. नारळ नाही, मुहूर्त नाही. मी म्हटलं, भाऊ, कुत्रे ठेवून जा, मी बघतो, खरंच बघतो. ते म्हणाले, "मास्तर, तुमी बघसान, माहीत हाये. पण हे बसून गेले गाडीत." तिघं आपापल्या खोलीत बसलेले होते. मी टपावर हाताने दोनदा वाजवलं. भाऊंनी वळून माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गाडी काढली. एरवी धक्क्याशिवाय न हलणारी ती जीप त्या दिवशी पहिल्या चावीत सुरू झाली.

नंतर कळायचं ते तुटक. पोचले, बरं आहे, एवढंच. उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न पुण्याला निघालं तेव्हा पत्ता विचारत गेलो. सोसायटी शोधावी लागली नाही. काचेच्या इमारती, कापलेलं गवत, कारंजं, आणि फाटकाबाहेर, मोकळ्या प्लॉटच्या कडेला, काळी-पिवळी जीप आणि लग्नाच्या मंडपाचा तंबू. भाऊ बाजेवर बसून कांदा कापत होते.

मला पाहून उठले, मिठीच मारली. सोसायटीने ठरल्याप्रमाणे कुत्र्यांना आत घेतलं नव्हतं, आणि कुत्र्यांना घेत नाहीत म्हणून भाऊ आत गेले नव्हते. "इथला मुक्काम लय निवांत हाये, मास्तर," ते म्हणाले. "एक माणूस घरी चला म्हणत नाही. जिल्हाभर फिरून जे साधलं नाही ते इथं साधलं." ते हसत होते, पण माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्या माणसाने फाटकाबाहेर चूल मांडली आहे आणि आतून लोक तागाच्या पिशव्यांत भाज्या घेऊन जातात, एकाने तरी पाणी विचारावं! नाही म्हणायला अर्धी चड्डी घातलेले एक गृहस्थ रोज यायचे. त्यांच्याकडे डोंगरावर जायची भली मोठी गाडी होती, खास बनवून घेतलेली, शिडी, दिवे, नाकातून वर गेलेली नळी, सगळं. अजून तळघरातल्या पार्किंगमधून ती फारशी बाहेर पडली नव्हती. त्यांनी भाऊंना अदबीने विचारलं होतं, "सर, तुमचं सस्पेन्शन काय आहे?"

"माही कंबर," भाऊंनी सांगितलं होतं.

पुढचं मला फाटकावरच्या वॉचमनने सांगितलं. तो आपल्या मेहकरकडचा. त्याच्या गेटवरून लॅब्राडोर, पग, आणि गालिच्यासारखे लोंबणारे कोणते कोणते कुत्रे लिफ्टने वर-खाली करायचे, त्यांना वाढदिवसाला टोप्या असायच्या. फक्त बाहेरच्या तिघांना 'भटके' म्हणायचं अशी त्याला ऑर्डर होती. भाऊंनी विशालला वरून खाली बोलावलं नाही, नोकरीचं विचारलं नाही, मयुरीच्या हाती फक्त डबा वर पाठवत राहिले. विशाल आला नाही. एका सकाळी हाफतिकीट बावचळून गाड्यांच्या रस्त्यावर पळाली. भाऊ मागे धावले, आणि धावता धावता मटकन खाली बसले. वर गॅलरीत विशाल होता. लिफ्टची वाट न पाहता तो जिन्याने उतरला, अनवाणी, इस्त्रीच्या शर्टात, आणि भर गाड्यांत घुसून त्याने त्या कुत्रीला उचललं.

"मग भाऊ काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही जी," वॉचमन म्हणाला. "त्याच्या हातात पाना दिला अन् म्हणले, मागचं दार दोरीनं बांधलेलं हाये, तेवढं बसव. दादानं दिवसभर तेच केलं. संध्याकाळी तिथंच जेवला. तवापासून रोज येते."

आणि आदल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विशाल उभा राहिला होता. महिनोन्‌महिने कोणाशी न बोललेला माणूस बोलायला लागला तो थांबेना. जातिवंत कुत्र्याला लिफ्ट आणि गावच्या कुत्र्याला फाटक, हे नियमात कुठे लिहिलंय ते दाखवा. सेक्रेटरींनी नियम चाळले. लिहिलेलं नव्हतं. बायकांमधून एक जण म्हणाली, हल्ली यांना 'इंडी' म्हणतात, माझी बहीण परदेशात घेऊन गेली आहे एक. त्याबरोबर सभेचा सगळा विरोध मावळला. नाव इंग्रजी आहे म्हटल्यावर आता काय बोलणार?

मी गेलो त्याच संध्याकाळी विशाल खाली आला. वाळला होता, दाढी वाढलेली, पण माझ्या पाया पडला आणि हसला. म्हणाला, "काका, आज यांना घरी नेतो." तिघांना नव्या पट्ट्यांत बांधलं. डिझेल लिफ्टच्या दारावर गुरगुरला, हाफतिकीट विशालच्या कडेवर, कंडक्टर सगळ्यात शेवटी, मागे वळून बघत. दार बंद झालं.

"तुम्ही नाही गेलात?" मी भाऊंना विचारलं.

"गाडी उघडी टाकून जाऊ काय?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्यानं भांडून मिळवलं मास्तर. पहिल्या खेपेले त्यालेच नेऊ द्या."

बाजेवर बसायचं सोडून भाऊ तंबूबाहेर येऊन उभे राहिले. ऊन इमारतीच्या वरच्या काचांवर होतं. त्यांना आता लांबचं नीट दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. डोळ्यांवर आडवा हात धरून ते वरच्या गॅलऱ्या मोजत होते, चुकत होते, परत खालून सुरू करत होते. एका गॅलरीच्या गजांमधून काही तरी बाहेर आलं.

"ते कोण दिसून राह्यलं हो?" भाऊंनी विचारलं. "कंडक्टर हाये का विशाल?"

गजांतून एक करडं तोंड खाली बघत होतं, आणि त्याच्या शेजारी, फरशीवर मांडी घालून, त्याच्या मानेवर हात टाकून विशाल बसला होता.

"दोघंही आहेत, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी हात लगेच खाली घेतला नाही. तसेच बघत राहिले, दिसत नव्हतं तरी. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, म्हणाले, "ऊन लय हाये," आणि चहा ठेवायला चुलीकडे वळले.